परदेशी गेलेला मुलगा आणि आपले वाङ्मय

‘प्रतिभापलायन’ हा शब्द मराठीत रुळून आता बरीच वर्षे झाली. ज्या इंग्रजी शब्दप्रयोगावरून तो आला, तो ‘ब्रेन ड्रेन’ मुळात आपल्या देशाविषयी नव्हताच. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ अधिक वेतनाच्या आणि अधिक सुसज्ज प्रयोगशाळांच्या ओढीने अमेरिकेस निघून जात होते. त्याची चिंता रॉयल सोसायटीने १९६३ च्या अहवालात व्यक्त केली आणि त्या चर्चेतून हा शब्द जगभर गेला. ‘ड्रेन’ म्हणजे निचरा, गळती. पाणी वाहून गेले तर आपण उतार कोठे आहे ते पाहतो, पाण्याला बोल लावीत नाही. मराठीत येताना मात्र गळतीचे ‘पलायन’ झाले. पलायन रणांगणावरून होते, तुरुंगातून होते. पळणारा भ्याड तरी असतो नाही तर गुन्हेगार. एका शब्दाच्या फरकाने सारा दोष उताराकडून पाण्याकडे गेला.

भाषांतरकाराची ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता आली असती. परंतु आपल्या नाटक-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी हा विषय ज्या रीतीने हाताळला आहे, तिचे बीज मला या शब्दात दिसते. शिकलासवरलेला मुलगा परदेशी गेला की आपला लेखक प्रथम आईच्या डोळ्यांकडे पाहतो. ते पाहणे खोटे असते असे मी म्हणत नाही. पण मुलगा कोणत्या टेबलावरून उठून गेला, ते टेबल कसे होते, किंबहुना ते होते तरी काय, याची चौकशी आपले वाङ्मय क्वचितच करते. प्रस्तुत लेखाचा विषय ही न झालेली चौकशी आहे.

जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ हे या बाबतीतले आपले प्रमुख नाटक. १९७० नंतरच्या दशकात रंगभूमीवर आलेले हे नाटक हिंदीतही वारंवार झाले, आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या महाराष्ट्र मंडळांतून त्याचे हौशी प्रयोग पाहिलेले वाचक या पत्रिकेला पुष्कळ असतील. नाना आणि नानी हे वृद्ध दांपत्य, एक मुलगा अमेरिकेत स्थायिक, दुसरा सैन्यदलात. घरात माणसाचा आवाज नाही, म्हणून कोणा अनोळखी माणसाशीही बोलावेसे वाटते. दुसरा मुलगा कामी येतो आणि अखेर उभयता आपले जीवन संपवितात. दळवींच्या लेखणीत भाबडेपणा नव्हता. या नाटकातला विनोद इतका कोरडा आणि नेमका आहे की त्यामुळेच शेवट सोसवत नाही.

आमच्या येथील मंडळाच्या गणेशोत्सवात या नाटकाचा प्रयोग झाला तेव्हा प्रेक्षकांची एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सैन्यात गेलेल्या मुलाच्या वार्तेने सभागृह हेलावले. अमेरिकेतल्या मुलाचा उल्लेख येई तेव्हा मात्र खुर्च्यांतून चुकचुकल्याचा आवाज येत असे. एका मुलाचे दुःख झाले आणि दुसऱ्याचा राग आला. आता नाटककाराने हे दोन मुलगे शेजारी शेजारी का ठेवले असतील? माझ्या मते दळवींना नेमके हे दाखवावयाचे होते की, नानांच्या घरातील दोन्ही खोल्या सारख्याच रिकाम्या आहेत. राष्ट्रकार्यार्थ गेला तरी आणि डॉलरसाठी गेला तरी दारावरची घंटा वाजत नाही ती नाहीच. नाटकाला हा समतोल कळलेला आहे. प्रेक्षकाने तो मोडला, आणि गेल्या पन्नास वर्षांत समीक्षेनेही बहुतांशी प्रेक्षकाचीच री ओढली.

त्या सभागृहात बसलेले आम्ही सारे कोण होतो, हाही प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही. रत्नागिरी, सातारा, अकोला येथून परीक्षा देऊन आलेले, बदलीच्या हुकुमावर गाव बदलणारे, वर्षाकाठी एकदा रजा-प्रवास सवलत घेऊन आईवडिलांचे दर्शन करणारे. आमच्या गावीही नाना-नानी बसलेलेच आहेत. अंतर समुद्राचे नसून दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासाचे आहे, एवढाच भेद. आणि त्या भेदाच्या बळावर आम्ही चुकचुकत होतो.

नाटकाची मर्यादा मला वेगळ्या ठिकाणी दिसते. मुलगा अमेरिकेत आहे हे नाटकात आभाळाच्या रंगासारखे गृहीत धरलेले आहे. तो तेथे कसा पोहोचला? दहा वर्षे आधी जन्मला असता तर बहुधा पोहोचलाच नसता. अमेरिकेच्या १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना वर्षाला अवघ्या शंभर जागा दिल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार वाटा रद्द झाला आणि विशेष शिक्षण व कौशल्य असणाऱ्यांना अग्रक्रम मिळू लागला. त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? खरगपूरचे तंत्रज्ञान संस्थान १९५१ मध्ये, मुंबईचे १९५८ मध्ये निघाले होते. अभियंत्यांच्या तुकड्यामागून तुकड्या बाहेर पडत होत्या. इकडे दुष्काळ आला, १९६६ ते १९६९ ही तीन वर्षे पंचवार्षिक योजनाच थांबली, कारखान्यांची वाढ मंदावली आणि पदवी घेतलेली मुले नोकरीच्या जाहिराती कापून ठेवू लागली. एका देशाने दार उघडले त्याच वेळी दुसऱ्याने शिकवून तयार केलेल्यांना बसावयास जागा उरली नव्हती. नानांच्या घरातील एका खोलीचा इतिहास असा वॉशिंग्टन आणि योजना भवन यांच्यामध्ये कोठेतरी आहे. नाटककाराने तो नाटकात घालावा असा आग्रह कोणी धरणार नाही. नाटक म्हणजे अहवाल नव्हे. परंतु तो न घातल्याने प्रेक्षकाला दोषी म्हणून एकच नाव उरले, हे नोंदविले पाहिजे.

रडून झाल्यावर आपल्याला हवा असतो तो परतीचा प्रसंग. तो आशुतोष गोवारीकर यांनी ‘स्वदेस’ या २००४ मधील हिंदी चित्रपटात दिला. अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाशसंस्थेत काम करणारा मोहन भार्गव आपल्याला वाढविणाऱ्या कावेरीअम्माला शोधीत एका खेड्यात येतो. (पडद्यावरचे ते उत्तरेकडील खेडे पुष्कळ अंशी वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झाले आहे, आपल्या माणसांना कृष्णाकाठचा घाट चटकन ओळखू येतो.) तो ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करतो, म्हातारीच्या झोपडीत दिवा लागतो, आणि पुढे नोकरी सोडून तो मायदेशी येतो. चित्रपट प्रामाणिक आहे, जातिभेदाकडे डोळेझाक करीत नाही, आणि स्टेशनवर पाणी विकणाऱ्या मुलाचा प्रसंग तर विसरता येत नाही. तथापि परतल्यावर हा अवकाशशास्त्रज्ञ कोणत्या संस्थेत, कोणाच्या हाताखाली, कोणत्या उपकरणांवर काम करणार हा मुद्दा एखाद्या ओझरत्या उल्लेखात उरकला जातो. जणू त्याच्या पंधरा-वीस वर्षांच्या विद्येचा उपयोग गावातील जलविद्युत् हाच होता. ‘संध्याछाया’त जाणाऱ्याचे टेबल दिसत नाही, येथे परतणाऱ्याचे. एका कृतीने अपराधाची भावना दिली, दुसरीने प्रायश्चित्ताची. मधला व्यवहार दोघींच्याही कक्षेबाहेर राहिला.

हा व्यवहार कलाकृतीत येऊच शकत नाही, असे मात्र नाही. शेजारच्या मल्याळीत ‘टेक ऑफ’ हा २०१७ मधील चित्रपट आहे. इराकमधील युद्धात अडकलेल्या परिचारिकांची २०१४ साली सुटका झाली, त्या घटनेवर तो बेतलेला आहे. त्यातली नायिका इराकला का जाते हे चित्रपट सविस्तर सांगतो: डोक्यावर कर्ज आहे, घरची माणसे अवलंबून आहेत आणि येथील पगारात ते फिटणारे नाही. ती जाते ते चूक की बरोबर, असा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. दूरच्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना मल्याळी परिचारिकेचे मोल निराळे सांगावयास नको. पण आपल्या ‘प्रतिभापलायना’च्या यादीत ती बसत नाही. प्रतिभा म्हणजे अभियंता, शास्त्रज्ञ, फार तर डॉक्टर. सलाईन लावणाऱ्या हाताला आपण कौशल्य मानतो, प्रतिभा मानीत नाही. म्हणून ती गेली तर कोणी अग्रलेख लिहीत नाही.

मराठीत या विषयावरचे मला सर्वांत उपयुक्त वाटणारे पुस्तक नाटक नाही, कादंबरीही नाही. जयंत नारळीकर यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे ते आत्मचरित्र. २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा काहींनी त्यात वाङ्मयीन गुण कोणते असे विचारले होते. खरोखरच या गद्याला झिलई नाही. लेखक एकेका नगराची हकीगत क्रमाने सांगतो, स्वतःच्या सुखदुःखाचे प्रदर्शन टाळतो, आणि नाट्य शोधणाऱ्या वाचकाची निराशा करतो. पण आपल्यासारख्यांना या पुस्तकात वेगळाच रस वाटावा असे काही आहे.

चार नगरांपैकी पहिले वाराणसी. वडील विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतले आणि १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. म्हणजे परतण्याची ही दुसरी पिढी. आणि पहिलीही परतली ती कोल्हापुरास नव्हे, गंगेच्या काठी, जेथे पंडित मालवीयांनी विद्यापीठ उभे करून ठेवले होते तेथे. मुलगा विश्वविद्यालयाच्या आवारातील मराठी घरात, हिंदी शाळेत वाढला. परमुलखातील मराठी नोकरदाराचे घर कसे असते याचे असे निगर्वी चित्र मराठीत फार थोडे आहे.

दुसरे नगर केंब्रिज. १९५७ मध्ये तेथे गेलेला हा विद्यार्थी फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली १९६३ मध्ये डॉक्टर झाला. पुढच्याच वर्षी गुरुशिष्यांच्या गुरुत्वाकर्षणविषयक सिद्धांताने जगाचे लक्ष वेधले आणि १९६५ मध्ये भारत सरकारने सव्विसाव्या वर्षी त्यांना पद्मभूषण दिले. नारळीकर कायमचे परत आले ते १९७२ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. मधली सात वर्षे माझ्यासारख्या कारकुनाला महत्त्वाची वाटतात. आपल्याकडे हार लवकर तयार होतो, खुर्चीला वेळ लागतो. १९७२ हेच साल का, याचे उत्तर एकट्या देशप्रेमात शोधून भागणार नाही. हॉईल यांनी १९६६ मध्ये काढलेली ज्या संस्थेत नारळीकर होते, ती त्याच वर्षी केंब्रिजच्या वेधशाळेत विलीन झाली आणि हॉईल यांनीही केंब्रिज सोडले. तिकडची जमीन हलली होती आणि इकडे मुंबईत पाय ठेवण्याजोगी जमीन तयार होती. देशप्रेम नव्हते असा याचा अर्थ कोणी करू नये. ते आधीही होतेच. त्याला उतरावयास धक्का १९७२ साली मिळाला.

ही जमीन कोणी तयार केली, तर होमी भाभांनी. तेही ठरवून परतलेले नव्हते. १९३९ मध्ये सुट्टीवर घरी आले असता युरोपात युद्ध पेटले आणि वाट बंद झाली. बंगलोरला रामन यांच्या संस्थेत जागा मिळाली, आणि १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, काही दशकांनी अणुशक्तीचा उपयोग होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागू नये, अशी शाळा आताच काढावयास हवी. १९४५ मध्ये संस्था निघाली. माणसे परत यावीत म्हणून त्यांनी आवाहन काढले नाही, त्यांच्यासाठी आधी इमारत मागितली. नारळीकरांनीही पुढे तेच केले. पुण्यातील ‘आयुका’ १९८८ मध्ये स्थापन झाली तिचा गाभा असा की, देशातील कोणत्याही विद्यापीठातल्या अध्यापकाने तेथे यावे, ग्रंथालय आणि साधने वापरावीत व आपल्या गावी परत जावे. गळती केवळ समुद्रापलीकडे होत नसते. लहान गावाकडून मोठ्या शहराकडेही होते. आयुकेने त्या दुसऱ्या गळतीवर उपाय शोधला. आत्मचरित्राच्या पुणे विभागात या उभारणीचा तपशील येतो. काही वाचकांना तो रुक्ष वाटतो. मला मात्र ती पाने पुस्तकाचा कळस वाटतात, कारण मराठीत प्रथमच कोणी परतण्याच्या भावनेऐवजी परतण्याची व्यवस्था लिहून ठेवली. मे २०२५ मध्ये नारळीकर निवर्तले तेव्हा त्यांच्या विज्ञानकथांची आठवण सर्वांनी काढली. या पानांची फारशी कोणी काढली नाही.

ज्यांना जमीन मिळाली नाही त्यांचे काय? हरगोविंद खुराना सरकारी शिष्यवृत्तीवर लिव्हरपूलला गेले, डॉक्टर झाले, १९४९ मध्ये मायदेशी परत आले. नोकरी मिळाली नाही. पुन्हा केंब्रिज, मग कॅनडा, मग अमेरिका. १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते अमेरिकेचे नागरिक होते. यांना ‘पलायन’ म्हणावे काय? सरकारने १९५८ मध्ये परतणाऱ्यांसाठी शास्त्रज्ञांचा ‘पूल’ निर्माण केला. कायम जागा मिळेपर्यंत तात्पुरते वेतन मिळावे ही कल्पना चांगलीच होती, आणि पुष्कळांना तिचा आधारही झाला. परंतु प्रतीक्षागृह कितीही सोयीचे केले तरी गाडी वेळेवर येण्याशी त्याचा संबंध नसतो.

आणि एक परतणे असे आहे की त्यापुढे बाकीची चर्चा थिटी वाटते. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्यास हजर झाले. त्या काळी अर्थशास्त्राचे इतके उच्च शिक्षण घेतलेली माणसे देशात कितीशी होती? महालेखापालाच्या कचेरीत उमेदवार म्हणून जागा मिळाली. राहावयास मात्र घर मिळेना. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली. ओळखीच्यांनी आसरा दिला नाही. सार्वजनिक बागेत दिवस काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस निघाले. ही हकीगत त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी आत्मकथनात लिहून ठेवली आहे. लेखनाचे हे नाव वाचून आजचा वाचक चमकतो. परदेशी जाण्याचा परवाना त्यांना केव्हाच मिळाला होता. स्वदेशात राहण्याचा मिळत नव्हता. परदेशगमनाच्या वाङ्मयात हे कथन कोणी धरीत नाही, दलित आत्मकथनांच्या परंपरेत ठेवून आपण मोकळे होतो. माझ्या मते कुशल माणसाला परत आणण्याविषयी आपल्या देशात लिहिले गेलेले हे सर्वांत नेमके लेखन आहे. कचेरीत खुर्ची होती, करार होता, विद्या होती, इच्छाही होती. खोली नव्हती.

वैद्यकीय पदवीधरांकडून सेवेचे बंधपत्र लिहून घेण्याची पद्धत आजही आहे. आमच्या कचेरीत परदेशगमनाच्या ना-हरकतीची प्रकरणे येतात, त्यांत कारणाच्या रकान्यात ‘उच्च शिक्षण’ किंवा ‘वैयक्तिक’ एवढेच असते. ज्या दवाखान्यात औषध नव्हते, ज्या प्रयोगशाळेतले यंत्र दोन वर्षे दुरुस्तीविना पडले होते, त्यांच्यासाठी रकाना नाही. टिपणी लिहिणारा नियम पाहून लिहितो. वाङ्मयाला असा नियम नसताना त्यानेही तेवढाच रकाना का भरावा?

परिणामांविषयी बोलताना आकडे आले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशात परदेशातून सुमारे ११९ अब्ज डॉलर आले. सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ २८ टक्के, अमेरिकेचा. आणि घेणाऱ्या राज्यांत केरळला मागे टाकून महाराष्ट्र सुमारे साडेवीस टक्क्यांनी पहिला. गळतीचे पाणी फिरून घरी येते असे यावरून म्हणता येईल, आणि म्हटलेही जाते. जगदीश भगवतींनी १९७० नंतर असा कर सुचविला होता की, बाहेर गेलेल्या कुशल माणसांच्या वाढीव उत्पन्नातील काही भाग गरीब देशांना मिळावा. तो अमलात आला नाही. स्वतः भगवती १९६८ मध्ये दिल्ली सोडून अमेरिकेस गेले होते, हे त्यांचे टीकाकार आवर्जून सांगत. मला त्यात विसंगती दिसत नाही. गेलेल्या माणसालाच हिशेब नीट ठाऊक असणार.

मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेतील सुखात्मे आणि महादेवन यांनी १९८७ मध्ये आपल्याच पदवीधरांची पाहणी केली, तेव्हा १९७३ ते १९७७ मधील तुकड्यांतले सुमारे ३१ टक्के परदेशी गेलेले आढळले. म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के गेले नव्हते. त्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न सभागृहात कोणी विचारीत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या १९८९ ते २००० मधील पदवीधरांचा अभ्यास २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. त्यात चौपन्न टक्के देशाबाहेर असल्याचे दिसले. त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, तो फारसा उद्धृत होत नाही: खुल्या जागांवर प्रवेश मिळालेले पदवीधर बाहेर असण्याची शक्यता राखीव जागांवर आलेल्यांच्या दुप्पट होती. ज्यांच्या गुणवत्तेविषयी चहाच्या टेबलावर शंका घेतल्या जातात, तेच अधिक प्रमाणात येथे राहिले. हा राहिलेला डॉक्टर कोणत्या गावी आहे, त्याला राहावयास खोली कशी मिळाली, त्याच्या दवाखान्यात रात्री वीज असते की नाही, त्याचे आईवडील त्याच्याजवळ आहेत की तेही कोठे दूर वाट पाहत बसले आहेत? नाना-नानींच्या घरी रात्री-अपरात्री जो डॉक्टर बोलावला जाईल तो बहुधा हाच असेल. रंगमंचावर तो मला अजून भेटलेला नाही.